मेंदी मरत नाही, पण पान देत नाही

मेंदीविषयी आपल्या बाजारात एक समज पक्का बसलेला आहे. "मेंदी म्हणजे दुष्काळी झाड, पाऊस पडो न पडो, तिला काय फरक पडतो?" किराणा दुकानदार, अत्तार, कटलरीवाले, सगळ्यांच्या तोंडून हे मी ऐकत आलो आहे. मग ज्या वर्षी राजस्थानात पाऊस दगा देतो आणि सोजतचा व्यापारी भाव चढवून सांगतो, त्या वर्षी हीच मंडळी म्हणतात की माल दाबून ठेवला आहे, साठेबाजी चालू आहे. साठेबाजी होत नाही असे मी म्हणणार नाही. ज्या धंद्यात माल टिकतो त्या धंद्यात ती होतेच. पण मूळ समजच चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत शेतकरी, मेंदी लावणाऱ्या आपल्या घरच्या बायका आणि शेवटी गिऱ्हाईक असे तिघे मोजतात. म्हणून हा लेख.

माझा धंदा कापडाचा. मेंदीशी संबंध आला तो वाटेवरचा. मालेगावच्या यंत्रमागावर विणलेले कच्चे कापड रंगाई-छपाईसाठी बाहेर जाते, त्यातले बरेच पाली आणि बालोत्र्याला. पालीच्या फेऱ्या मी तरुणपणापासून करतो आहे. पालीहून सोजत चाळीस किलोमीटरच्या आसपास. गाठी प्रोसेसवाल्याकडे उतरवल्या की दोन-चार दिवस रिकामे मिळतात, आणि लग्नसराईच्या कपड्याबरोबर मेंदीही दुकानात ठेवावी असे वडिलांच्या मनात आले, तेव्हापासून सोजतची वाट पायाखालची झाली.

पण झाडाचा स्वभाव समजायला सोजतला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे मळ्याच्या बांधावर, शाळेच्या भोवती, कब्रस्तानच्या कडेला मेंदीचे कुंपण असते. ते मे महिन्यात बघावे. अर्धे झुडूप उघडे, काड्या आणि काटेरी टोके, खालची पाने पिवळी होऊन गळलेली. वाटते मेले. जूनचा एक चांगला पाऊस झाला की आठवडा-दोन आठवड्यांत तेच झुडूप लालसर कोवळ्या फुटव्याने भरून जाते. पोरी ओंजळीने पान ओरबाडून नेतात. आता विचार करा, मे महिन्यात ते झुडूप जिवंत होते की नाही? होते. त्या महिन्यात कोणाच्या हाताला लावण्यापुरते पान त्याने दिले असते का? नाही. सगळा मुद्दा एवढाच आहे. झाड जगणे वेगळे आणि पीक येणे वेगळे.

गव्हाचे, बाजरीचे पीक घ्या. पाणी कमी पडले की झाड पाने वाळू देते आणि उरलेली ताकद कणसात घालते. शेतकऱ्याला थोडे का होईना दाणे मिळतात. मेंदीचे तसे नाही. मेंदीचे पीक म्हणजे पानच. आणि पाणी कमी पडले की ती सगळ्यांत आधी पानावरच काटछाट करते. पानावरची बारीक छिद्रे ती मिटून घेते, म्हणजे पाणी बाहेर उडू नये. पण याच छिद्रांतून हवा आत जाते आणि त्या हवेवर झाडाचे अन्न शिजते. छिद्रे मिटली की अन्न कमी, अन्न कमी की फुटवा आखूड. नवे पान येते ते लहान आणि जाडसर. जुने पान पिवळे पडून गळते, कारण जेवढी पाने कमी तेवढा पाण्याचा खर्च कमी. तेवढ्या वेळात झाड आपली ताकद खाली मुळांकडे वळवते. जुन्या झुडपाचे मूळ खोल गेलेले असते, म्हणून ते तग धरते. म्हणजे ज्या युक्तीने झाड स्वतःचा जीव वाचवते, त्याच युक्तीने शेतकऱ्याचे पीक जाते.

आपल्या यंत्रमागवाल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मंदीत माग मोडत नाही, तो जागेवर उभाच असतो. बाहेरचा माणूस म्हणतो, कारखाना तर शाबूत आहे. पण मागावर कापड किती निघाले आणि कारागिराच्या घरी आठवड्याला काय गेले, हे आतल्यालाच ठाऊक.

सोजतचा भाग पाली जिल्ह्यात येतो. वर्षाचा पाऊस चारशे ते पाचशे मिलीमीटर, तोही जवळजवळ सगळा जुलै ते सप्टेंबर एवढ्यातच. मेंदी बहुतेक ठिकाणी याच पावसावर घेतात, विहिरीवर नव्हे. एकदा लावली की वीस-पंचवीस वर्षे, कधी त्याहून जास्त, तेच झुडूप दरवर्षी कापायचे. साधारण बरे वर्ष असेल तर हेक्टरी एक ते दीड टन सुके पान निघते. कापणी पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पाऊस चांगला लांबला तर पुढे आणखी एक लहान कापणी मिळते. दुष्काळात ती दुसरी तर जातेच, पहिलीही निम्म्यावर येते.

त्यातही पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला, हे जास्त महत्त्वाचे. नवीन लावण जुलै-ऑगस्टात करतात. बी आधी कित्येक दिवस पाण्यात भिजवतात, पाणी रोज बदलतात, मार्चच्या सुमारास वाफ्यात पेरतात, आणि पाऊस लागला की रोप उपटून, मूळ आणि शेंडा थोडा छाटून शेतात लावतात. त्या रोपाला अजून खोल मूळ नाही. लावल्यावर दोन-तीन आठवडे उघडीप पडली तर ते जाते. जुन्या मेंदीला जी उघडीप नुसती मागे ढकलते, ती नव्या मेंदीला मारून टाकते. म्हणजे दुष्काळाचा फटका त्या एका वर्षापुरता राहत नाही. त्या वर्षी जी लावण उभी राहिली नाही, तिचे पान पुढची वीस वर्षे बाजारात येणार नाही. व्यापारी या वर्षीची आवक मोजतो, हा हिशेब कोणी करत नाही.

२००२ चे साल मला चांगले आठवते. त्या वर्षी देशभर जुलै महिना कोरडा गेला. नेहमीच्या निम्माही पाऊस झाला नाही, आणि राजस्थानात तर हाल फारच. ऑक्टोबरात मी पालीला गेलो तेव्हा सोजतकडेही चक्कर मारली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेंदीची शेते उभी होती, पण गुडघ्याएवढी, विरळ, मातीच्या रंगाची. एका शेतात कापणी चालू होती. कापणारे एका हातात चमड्याचा जाड मोजा घालून झुडूप धरतात आणि दुसऱ्या हाताने विळा मारतात. काटा आणि काडी हाताला फाडते. मी शेतकऱ्याला म्हटले, निदान मजुरी तरी कमी लागत असेल, पान थोडे आहे. तो हसला. म्हणाला, "भाईसाब, मजूर झाडी काटता है, पत्ता नहीं काटता." झुडपे तेवढीच, वाकणे तेवढेच, दिवस तेवढेच. पान निम्मे झाले तरी कापणीचा खर्च फारसा खाली येत नाही. त्या वर्षी काहींनी कापणीच सोडून दिली होती. हे एक वाक्य मला कापडाच्या धंद्यातल्या कित्येक वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेले.

मग भाव वाढतो तेव्हा शेतकऱ्याचे भागत असेल, असे कोणाला वाटेल. भाव वाढतो हे खरे. पण वाढलेला भाव ज्याच्याकडे माल आहे त्याला मिळतो. शेतकऱ्याकडे माल नसतो म्हणूनच तर भाव वाढलेला असतो. जुन्या पानाच्या गोण्या ज्याच्या गोदामात आहेत, तो त्या वर्षी कमावतो.

आता रंगाचे बघू, कारण आपण पान घेतो ते रंगासाठी. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य आहे त्याला लॉसोन म्हणतात. पानाच्या वजनात ते शेकडा एक-दीडच्या आसपास असते, कधी कमी, कधी जास्त. हिरव्या पानात ते बांधलेल्या रूपात असते. पान वाटून ओले केले की मोकळे होते आणि कातडीला, केसाला धरते. (कापडवाल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हा रंग लोकरीवर आणि रेशमावर बसतो, कारण ते केसासारखेच जनावराचे सूत आहे. सुती कापडावर तो आपल्या आपण बसत नाही, तुरटी-हिरड्याचा हात आधी द्यावा लागतो.) कोवळ्या पानात हे द्रव्य जास्त, जून आणि पिवळ्या पानात कमी. गरम आणि कोरड्या हवेत मेंदीचा रंग चढतो, म्हणून तर सोजतच्या पानाचे नाव आहे, आणि २०२१ मध्ये सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच मातीच्या आणि हवेच्या गुणावर.

इथे दोन्ही बाजूंच्या लोकांची चूक होते. एक पक्ष म्हणतो, कोरड्या वर्षाचे पान बारीक, फिके, खराब. दुसरा म्हणतो, जितका दुष्काळ तितका रंग. दोन्ही खरे नाही. वेळेवर फुटवा येऊन गेला आणि मग थोडा ताण पडला, तर पान लहान असले तरी त्यात रंग असतो. ओंजळभर पावडर हातावर चांगली चढते. असे पान हलके भरते, दिसायला गच्च हिरवे नसते, म्हणून आपला खरेदीदार ते नाकारतो किंवा पाडून मागतो. पण ताण फार लांबला, पान झाडावरच पिवळे पडले, तर रंगही गेला. आणि एकूण हिशेब केला तर पानात शेकडेवारी थोडी बरी असली तरी शेतातून निघणारा एकूण रंग कमीच, कारण पानच कमी. टक्केवारीवर पोट भरत नाही.

कापणीनंतर उलटाच प्रकार. ज्या पावसाची दोन महिने वाट बघितली, तोच कापून ठेवलेल्या पानावर आला तर घात. ओले पान काळे पडते, रंग तिथेच सुटून वाया जातो. पावसाची सर्वांत जास्त गरज जुलैत आणि सर्वांत जास्त भीती ऑक्टोबरात, असे हे पीक आहे. दुष्काळी वर्षात कित्येकदा दोन्ही एकदम होते: जुलै कोरडा आणि अवेळी पाऊस खळ्यावर.

विहिरीचे पाणी का देत नाहीत, असाही प्रश्न येतो. ज्यांच्याकडे आहे ते देतात. ट्युनिशियात गाबेसच्या बागांत खजुराच्या सावलीत मेंदी पाटाच्या पाण्यावरच पिकवतात. पण पाली जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी जमिनीखालचे पाणी खारे आहे. मेंदी थोडा खार सहन करते, मात्र पाऊस नसलेल्या वर्षी खारे पाणी दिले तर तो खार जमिनीत साठतो, धुऊन न्यायला पाऊस नाही. आणि मुळात पाणी आहेच किती? पाली शहराची तहान जवाई धरणावर भागते. पावसाने दगा दिल्यावर एप्रिल २०२२ मध्ये जोधपूरहून पालीला रेल्वेने पाणी आणावे लागले. जिथे माणसांना पाणी गाडीने येते, तिथे मेंदीला पाणी कोण देईल?

पाण्याचा विषय निघाला आहे तर आपल्याच धंद्याची एक गोष्ट लपवून चालणार नाही. पालीची बांडी नदी रंगाई-छपाईच्या पाण्याने खराब झालेली आहे, आणि शहराच्या खालच्या अंगाच्या गावांनी आपल्या विहिरी आणि शेते नासल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आहे. सोजत त्या वाटेवर नाही, म्हणून मेंदीचा थेट संबंध नाही. पण मालेगावचे कापडही तिथेच रंगते, आणि कोरड्या जिल्ह्यातले थोडेसे पाणी कोणी वापरले हा हिशेब मांडला तर त्यात आमचेही नाव निघेल. शेतकऱ्याला आपण पाण्याचा सल्ला देताना एवढे लक्षात ठेवावे.

शेतकऱ्यांनी स्वतः जे करायचे ते ते करतात. पावसाआधी ओळींमधली जमीन खणून ठेवतात म्हणजे पहिला पाऊस वाहून न जाता मुरतो, बांध घालतात, निंदणी करतात. जोधपूरच्या काझरी संस्थेचे पालीला संशोधन केंद्र आहे. ओळीत पंचेचाळीस सेंटिमीटर आणि रोपात तीस सेंटिमीटर अंतर ठेवावे, असे तिथून सांगितले जाते. फार दाटी केली तर सगळी झुडपे एकाच ओलीवर तुटून पडतात. यापलीकडे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात काही नाही. पुढचे आपल्या हातात आहे, म्हणजे खरेदी करणाऱ्याच्या.

खरेदी करणारा काय करतो? मागणी कमी होत नाही. ईद येते, लग्ने होतात, केसांना मेंदी लावणारे बारा महिने लावतात. पान कमी आणि मागणी तेवढीच, मग खड्डा कशाने भरतो? आधी जुन्या पानाने. दोन-तीन वर्षे पडलेल्या पानाचा रंग उतरलेला असतो, ते नव्यात मिसळले जाते. मग काडी आणि देठ दळले जातात. मग वाळू, कारण वाळू वजनाला उत्तम. पावडर फिकी दिसते म्हणून तिला हिरवा रंग. आणि हातावर चढत नाही म्हणून रसायन. काळ्या मेंदीच्या नावाने जे विकले जाते त्यात पीपीडी नावाचे केसांच्या कलपाचे रसायन असते. त्याने हातावर फोड येतात, कधी डाग कायमचे राहतात. युरोपात ते कातडीवर लावण्यास मनाई आहे. मेंदीचा रंग नारिंगी चढतो आणि दीड-दोन दिवसांत गडद तांबडा-तपकिरी होतो. काळी मेंदी झाडाला येत नाही.

एका वर्षी मी स्वतः फसलो. पाऊस कमी झाला होता, भाव चढा होता, आणि एका आढत्याने जुन्या भावाने गच्च हिरवी पावडर दिली. मी खूश. चाँद रात्रीला मोहल्ल्यातल्या एका पोरीचे दोन्ही तळहात सुजले. तिच्या आईने पुडा आणून माझ्या गल्ल्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. आढत्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण दुष्काळी वर्षात स्वस्त आणि हिरवी मेंदी कुठून येईल, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही, कारण उत्तर मला नको होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मेंदी हिरवेपणावर आणि वजनावर घेणे बंद करावे, रंगावर घ्यावी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. चमचाभर पावडर पाण्याच्या ग्लासात टाकून हलवा, वाळू तळाशी बसेल. थोडी ओली करून पांढऱ्या कागदावर ठेवा. लगेच हिरवे पाणी पसरले तर रंग घातला आहे, थोड्या वेळाने नारिंगी डाग आला तर पान आहे. उरलेली आपल्या स्वतःच्या तळहातावर दोन तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. हे केले तर कोरड्या वर्षाचे बारीक, मळकट पान तुम्ही नाकारणार नाही, आणि त्याला चांगला भाव द्यायला हातही आखडणार नाही.

दुसरे, इसार कापणीआधी द्यावा. आपण माल खळ्यावर आल्यावर जातो. तोपर्यंत शेतकऱ्याने मजुरीसाठी उसनवारी केलेली असते आणि पान सावकाराच्या नावावर गेलेले असते. ऑगस्टच्या शेवटी पाऊस कसा झाला ते कळतेच. त्याच वेळी पाच-सहा दुकानदारांनी मिळून एका शेतकऱ्याशी सौदा केला, तर कापणीची मजुरी निघते, आणि पान विरळ आहे म्हणून शेत सोडून देण्याची पाळी येत नाही. आढत्याची दलाली वाचते ती वेगळी. यात धोका आहे हे मान्य. खळ्यावर पाऊस आला तर आपलेही पैसे अडकतील. पण आजवर तो सगळा धोका एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर होता.

आणि ज्यांच्या मनात असे आहे की आपल्याकडच्या कोरड्या तालुक्यांत मेंदीची शेती करावी, पाणी लागत नाही, मरत नाही, त्यांनी आधी मे महिन्यातले कुंपण डोळ्यांसमोर आणावे आणि मग हिशेब करावा. पहिली दोन-तीन वर्षे पान जेमतेम, रोपे जगवायला पहिल्या पावसाळ्यात ओल हवीच, कापणारे मजूर आपल्याकडे तयार नाहीत, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस आपल्याकडे हमखास पाठ धरतो. बांधावर जरूर लावा.

येत्या ऑगस्टअखेर मी पालीला गाठी घेऊन जाणार आहे, तेव्हा सोजतला उभे पान बघून इसार देण्याचा विचार आहे. आमच्याकडचे चार दुकानदार तयार झाले आहेत. आणखी कोणाला पाच-दहा गोण्यांत भाग घ्यायचा असेल तर त्यांनी त्याआधी ठरवावे. पान आल्यावर प्रत्येकाने आपल्या हाताला लावून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी रंग बघून उरलेला हिशेब करायचा, असे ठरले आहे.